बे पाऊण दीड

आमच्या संगमनेरात पाणी येतं ते आवर्तनाने. भंडारदऱ्यातून सुटलं की प्रवरेला येतं, कालव्यांना येतं, आणि कधी सुटणार याची बातमी आधी पेपरात येते. पाण्याला स्वतःचंही वेळापत्रक असतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही एका देवळाच्या दारात, नारळवालीकडून.

निमित्त सासूबाईंचं. त्या एक दिवस म्हणाल्या, "काशी झाली, रामेश्वर झालं. दक्षिण काशी तेवढी राहिली." मी चक्रावले. आमच्या बाजूला दक्षिण काशी म्हणजे पैठण, आणि पैठण त्यांचं दहा वेळा झालेलं. "अगं, ती गोदावरीची. मी समुद्राची म्हणतेय. हरिहरेश्वर." महाराष्ट्रात दक्षिण काश्या किती आहेत याची मोजदाद कुणी केलेली नसावी. पण आईंचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि शाळेतून मला नेमक्या पाच दिवसांच्या सुट्ट्या जुळत होत्या. माघ वद्य द्वितीयेला निघायचं ठरलं. मुलाने गाडी चालवायची, ह्यांनी शेजारी बसून ब्रेक दाबल्यासारखे पाय झाडायचे, आम्ही दोघी मागे. आईंच्या पिशवीत दाते पंचांग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चार लिंबं. घाटात मळमळलं तर लिंबू हुंगायचं.

पहाटे साडेतीनला निघालो, कारण चाकण. ज्याला चाकण उजाडायच्या आत ओलांडता आलं तोच पुण्याला वेळेवर पोचतो, एवढं नाशिक-पुणे रस्त्यावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. चंदनापुरी घाट अंधारात गेला, आळेफाट्याला चहा झाला, नारायणगाव-मंचर झोपेत गेलं. चांदणी चौकातून पिरंगुटकडे वळलो तेव्हा कुठे उजाडलं. मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या हाताला लपाछपी खेळत राहिलं आणि मग ताम्हिणी. खरं तर संगमनेरहून सरळ रेघ ओढली तर समुद्र फार लांब नाही. प्रवरा उगवते त्या रतनगडाजवळ, घाटघरच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकणच दिसतं. तिथे कोसळणारा पाऊस या समुद्रावरूनच आलेला. पण आमची नदी पाठ फिरवून पूर्वेला जाते, प्रवरासंगमला गोदावरीत मिळते आणि थेट बंगालच्या उपसागराची वाट धरते. तिला जो उतार एका दिशेला मिळाला, तो आम्हाला दुसऱ्या दिशेला शोधायला शेकडो किलोमीटरचा वळसा.

माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वरला पोचायला एक वाजला. आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरव, असा तिथला क्रम. हे पेशव्यांचं कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ जवळच्याच श्रीवर्धनचे. इथून निघालेली माणसं घाट चढून गेली आणि आमच्या संगमनेरच्या अनंत फंदीसारख्या शाहिराला पुढे पुण्यात त्यांचा दरबार मिळाला. देऊळ साधं आहे. रतनवाडीच्या अमृतेश्वराचं किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराचं कोरीवकाम डोळ्यांत घेऊन येणारा माणूस क्षणभर "एवढंच?" म्हणेल. मीही म्हटलं, मनात.

इथलं खरं काम देवळामागे असतं. टेकडीच्या पायऱ्या चढायच्या, दोन कातळांमधल्या अरुंद फटीतून पलीकडे समुद्रावर उतरायचं, आणि खडकांवरून टेकडीला वळसा घालून परत देवळाशी यायचं. प्रदक्षिणामार्ग म्हणतात तो हा. आम्ही तिकडे निघालो तर कोपऱ्यावर नारळ आणि कोकम विकणाऱ्या बाई बसल्या बसल्याच म्हणाल्या, "आता कुठे चाललात? आज बीज. दीडला भरेल. पाचनंतर जा."

काय भरेल ते आम्हाला कळेना. देव? यात्रा? मुलगा म्हणाला, "पार्किंग असेल."

बाईंनी आमच्या चेहऱ्यांवरून आम्ही घाटावरचे हे ओळखलं आणि शिकवणी घेतली. प्रदक्षिणेची वाट भरतीला पाण्याखाली जाते. लाट खडकावर चढते आणि माणसाला ओढून नेते. इथे अशी माणसं गेली आहेत, पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. ओहोटी बघूनच जायचं. आणि भरती कधी हे विचारायला कुणाकडे जावं लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा-अमावस्येला बाराला पाणी भरतं. तिथून रोज पाऊण तास पुढे. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. झालं.

ह्यांनी खिशातून मोबाइल काढला, कॅल्क्युलेटर शोधू लागले. तेवढ्यात मागून आईंचा आवाज आला, लय लावून, शाळेतल्यासारखा: "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..."

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आमच्या घरात हे पाढे म्हणजे चेष्टेचा विषय. आईंना चौथीपर्यंतच शाळा, पण त्या चार वर्षांत जे घोटून घेतलं ते गेलेलं नाही. बाजारात पाऊण किलोचा भाव काढताना त्या ओठांत पुटपुटतात आणि भाजीवाल्याच्या आधी आकडा सांगतात. मी स्वतः गणित शिकवते आणि मुलांना हे पाढे शिकवत नाही; अभ्यासक्रमात नाहीत. नारळवाल्या बाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, "आजींना येतंय की."

मुलाला हे पटलं नाही. त्याने नेटवर भरतीची वेळ काढली. दहा-बारा मिनिटांचा फरक निघाला. त्यावरून संध्याकाळपर्यंत आजी-नातवाचा वाद. खरं म्हणजे चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागे तेवढीच सरकते. पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेबाला सोयीचा आकडा, म्हणून तिथी वाढेल तसा थोडा फरक पडत जातो. पण खडकावर जायचं की नाही हे ठरवायला तो पुरतो, आणि रेंज नसताना फक्त तोच पुरतो.

साडेपाचला गेलो. आई पायऱ्यांच्या माथ्यापर्यंत आल्या, खाली त्या फटीकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, आणि बसल्या. "माझीपण घाल," मला म्हणाल्या. एवढ्यासाठी पाच महिने ठरवून आलेली बाई तिथे बसून राहिली, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांना वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. मी उतरले. बीजेचं पाणी, म्हणजे उधाण नुकतंच होऊन गेलेलं. उधाणाला भरती जशी मोठी तशी ओहोटीही लांबवर जाते. चार तासांपूर्वी जिथे लाटा आपटत होत्या तिथे ओला काळा कातळ उघडा पडला होता. खडकांच्या अंगाला पुरणयंत्राच्या जाळीसारखी भोकं, हजारो. खाचांमधून उरलेलं पाणी, त्यात बोटभर मासे आणि इवले खेकडे. सूर्य समोर बुडत होता. मंत्रबिंत्र काही सुचला नाही, पाय कुठे ठेवायचा एवढंच डोक्यात. एका फेरीत दोघींची प्रदक्षिणा मोजली जावी अशी विनंती करून टाकली. परत आले तर आई नारळवालीच्या पाटावर बसून तिला प्रवरेच्या आवर्तनांबद्दल सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या नकाशाने गाडी बागमांडल्याला आणून थेट पाण्यात घालायला सांगितली. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे बाणकोट. नकाशा बिघडला म्हणून मुलगा गाडी वळवणार, तोच जंगल जेट्टी दिसली: गाड्या, मोटारसायकली, एक टेम्पो आणि माणसं एकत्र वाहून नेणारी मोठी फेरीबोट. जंगल नावाचा जंगलाशी काय संबंध हे कुणी सांगितलं नाही. वेश्वीला उतरलो. आई गाडीतच बसून होत्या, हातात लिंबू. उतरल्यावर म्हणाल्या, "घाटापेक्षा बरं की हे."

मुक्काम वेळासला, एका घरात. नाना फडणविसांचं हे मूळ गाव. पण आता गर्दी होते ती कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात या किनाऱ्यावर वाळूत खड्डा करून अंडी घालतात, एकेका घरट्यात शंभराच्या वर, आणि वाळू लोटून समुद्रात परत जातात. पूर्वी ती अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं उकरून नेत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी कुंपणाच्या आत पुरायला सुरुवात केली; साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला घरट्यावरची टोपली उचलून बघायची. संध्याकाळी टोपलीखाली काही नव्हतं. मुंबईहून आलेली मंडळी इतकी हिरमुसली की जणू कुणी तिकिटाचे पैसे बुडवले. सकाळी मात्र चार पिल्लं होती. वाळूवर दोरी बांधलेली, तिच्यामागे आम्ही सगळे गप्प. तळहाताहून लहान जीव, चार वल्ह्यांनी वाळू मागे सारत निघालेले. एक पिल्लू दर दोन पावलांना थांबायचं. आई त्याला हळूच "चल, चल" म्हणत होत्या. पाण्यापाशी पोचल्यावर पहिल्या लाटेने त्याला मागे फेकलं, दुसरीने नेलं. टाळ्या वाजवू नका असं सांगितलेलं असूनही कुणीतरी वाजवल्याच.

त्या दिवशी संकष्टी. केळशीहून आडे, पाडले करत समुद्राच्या कडेकडेने आंजर्ल्याला आलो. कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे हे दर्शन आईंचं स्वतःचं झालं. लोक सांगतात, हा गणपती आधी खाली किनाऱ्यावर होता. समुद्र चढत आला तसा तो उठून कड्यावर आला, वाटेत पाऊल टेकलं ती खूण अजून दाखवतात. आईंना गोष्ट आवडली. "त्यालाही भरती ओळखता येत होती," म्हणाल्या. देवळासमोरून खाली सुवर्णदुर्ग दिसतो, पाण्यात ठेवलेल्या परातीसारखा. दुपारी हर्णैला मुलाला मासे खायचे होते. आजीच्या उपासाच्या दिवशी! बरीच वाटाघाट होऊन असं ठरलं की त्याने वेगळ्या टेबलावर, पाठ करून बसावं. तो बसला, आणि तिथून वास मात्र आमच्याकडेच आला. रात्री साडेनऊच्या पुढे चंद्र उगवला तेव्हा आईंनी आधी उपास सोडला आणि मग मुलाला माफ केलं.

पंचमीला दाभोळहून फेरीने धोपाव्याला, गुहागरला व्याडेश्वर, आणि मग हेदवी. हेदवीचा दशभुज गणेश पाहण्यासारखा आहेच, पण गावाच्या समुद्राशी, उमामहेश्वराच्या देवळापाशी, बामणघळ म्हणून कातळाला पडलेली एक अरुंद चीर आहे. भरतीला लाट त्या चिरेत घुसते, जागा न मिळाल्याने वर उसळते. म्हणजे हरिहरेश्वरच्या बरोबर उलट. इथे ओहोटीला आलात तर नुसती भेग बघून जाल. गुहागरला जेवताना आईंनी घड्याळ पाहिलं. "पाच पाऊण पावणेचार. उठा." हे अजून ताक पीत होते.

पावणेचारला पोचलो. फवारा पावसाळ्यात लोक सांगतात तसा उंच नव्हता. माघातला समुद्र शांत, आणि उधाणही ओसरलेलं. पण घळीत लाट शिरताना आतून जो आवाज यायचा तो पोटात जायचा. आई लांब सपाट खडकावर उभ्या होत्या, पदर सावरत. एकदा पाणी उसळून त्यांच्या चष्म्यावर उडालं. पुसला नाही त्यांनी, तशाच बघत राहिल्या.

परतीला चिपळूणहून कुंभार्ली घाट. पायथ्याला पोफळी आहे. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली आणून इथे वीज काढतात आणि मग ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं. पूर्वेला कृष्णेत जायचं पाणी पश्चिमेला. हे सबंध घाटभर अस्वस्थ. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासमोर समुद्राला जाणाऱ्या पाण्याचा विषय काढू नये, काढलात तर जायकवाडी येतं, समन्यायी वाटप येतं, पश्चिमेकडचं पाणी गोदावरीत वळवण्याच्या निवडणुकीतल्या घोषणा येतात. पाटणपर्यंत ते सगळं आलं. उंब्रजला हायवे लागल्यावर ते झोपले.

घरी येऊन दोन दिवस झाले होते. अष्टमी. आई संध्याकाळी देवापाशी दिवा लावून ओट्याशी आल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "आठ पाऊण सहा. वाट बुडली असेल आत्ता. पण भांगाचं पाणी, फार नाही चढायचं."

दारात दूधवाला उभा होता. त्याने किटली खाली ठेवली. "आजी, हिशेब चुकला का काही?"