मानधन

‘पगार’ आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला, ‘वेतन’ संस्कृतातून. ‘मानधन’ हा शब्दही संस्कृतच, पण तेथे तो मोबदल्याचे नाव नाही. तो बहुव्रीही आहे : मान हेच ज्याचे धन, असा पुरुष. मराठीत त्याचा अर्थ पालटला आणि मानाने दिलेली, बहुधा अल्प, रक्कम असा झाला. अकोल्यात मराठी शिकवताना आणि पुढे अमरावतीत स्वयंसेवी संस्थांच्या कामात वावरताना हा शब्द मला कोशापेक्षा हिशेबाच्या वहीतच अधिक भेटला.

वऱ्हाडात या शब्दामागे मोठी परंपरा उभी आहे. स्वतःसाठी काहीही न ठेवणारे गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले. मेळघाटातील बैरागड येथे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी एक रुपया तपासणी शुल्कावर रुग्णसेवा केली. महिन्याला ४०० रुपयांत संसार करण्याची तयारी ही तर विवाहाचीच एक अट होती. २०१९ साली या दांपत्याला पद्मश्री मिळाली. अशा जीवनांपुढे आपण नम्र होतो, आणि ते योग्यच आहे. मात्र ते व्रत त्यांनी स्वतः घेतलेले होते. संस्थापकाचे व्रत जेव्हा कर्मचाऱ्याच्या नेमणुकीची न लिहिलेली अट होते, तेव्हा त्याचे स्वरूप बदलते.

मेळघाटात काम करणाऱ्या एका संस्थेतला कार्यकर्ता मला आठवतो. तो कोरकू बोलायला शिकला होता. कोणत्या घरात बाळंतपण जवळ आले आहे, मजुरीला गेलेले कोण होळीला परतणार, हे त्याला वही न उघडता सांगता येई. मानधन दोन-दोन महिने थकत असे. चौथ्या वर्षी, जूनमध्ये, मुलीच्या शाळेचा खर्च समोर उभा राहिला आणि तो अमरावतीला एका दुकानात नोकरीला लागला. त्याच्या जागी आलेला मुलगा तक्ते नीट भरत असे. दारे मात्र त्याच्यासाठी उघडत नसत. अहवालात कामाची घसरण कोठेच दिसली नाही, कारण गावाची ओळख मोजण्याचा रकाना अहवालात नव्हता.

याउलट अकोल्यातील एक लहान संस्था फार देत नसे, पण ठरल्या तारखेला देई. शाळा उघडण्याच्या सुमारास बिनव्याजी उचल मिळे आणि ती दहा हप्त्यांत कापली जाई. तेथील माणसे अधिक त्यागी होती असे मी म्हणणार नाही. ती टिकली, आणि टिकल्यामुळे कामात मुरली.

देणगीदाराला इमारत दिसते, माणसावरचा खर्च वरखर्च वाटतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. दुसरीकडे, २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क मान्य करताना त्यांचे मानधन हे वेतनच ठरवले. सरकारी योजनेतील तो निर्णय असला, तरी शब्दाआड लपलेला व्यवहार त्याने उघडा केला. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा वेळी मला भारवी आठवतो. त्याचे घराणे आपल्या अचलपूरचे, असे काही अभ्यासक मानतात. ‘किरातार्जुनीया’च्या पहिल्या सर्गात वनेचर हेर द्वैतवनात येऊन युधिष्ठिराला दुर्योधनाच्या कारभाराची बातमी देतो. दुर्योधनाचे गोड बोलणे दानावाचून नसते, दान सत्कारावाचून नसते आणि सत्कार गुण पाहिल्यावाचून होत नाही, असे तो सांगतो. पुढे त्याच्या धनुर्धरांना कवी ‘मानधन’ म्हणतो आणि लगेच, धनानेही गौरवलेले, असे दुसरे विशेषण जोडतो. म्हणूनच ते प्राण वेचून धन्याचे प्रिय करू इच्छितात. मान आणि धन यांपैकी एक देऊन दुसरे वाचवावे, हे भारवीच्या राजनीतीत बसत नाही.

त्या सर्गातील एक तपशील सहज नजरेतून सुटतो. बोलणे संपवून हेर निघतो तो सत्कार स्वीकारून. देणारा युधिष्ठिर तेव्हा राज्य गमावून वनवासात होता. यंदा अनुदान आले नाही, असे त्यालाही सांगता आले असते.