न आखलेली सीमा : राज्यविभाजनाचे प्रस्ताव आणि कसारा घाट

मोठ्या राज्याचे विभाजन करून लहान राज्ये निर्माण करावीत हा विचार भारतीय संघराज्याइतकाच जुना असून, राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने त्याला पहिल्या दिवसापासून वाट मोकळी ठेवली आहे. या अनुच्छेदानुसार नवे राज्य निर्माण करणे, राज्याचे क्षेत्र वाढवणे वा घटवणे, त्याची सीमा किंवा नाव बदलणे हे सर्व अधिकार संसदेकडे असून, त्यासाठी साधा कायदा, म्हणजे घटनादुरुस्तीला लागणाऱ्या विशेष बहुमताची अट नसलेला कायदा, पुरेसा ठरतो. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने मांडले जाते आणि संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. याचा अनुभव मराठी मुलखाने १९५६ मध्ये घेतला. मुंबई राज्याच्या विधिमंडळाचे मत महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई अशा तीन वेगळ्या घटकांच्या प्रस्तावावर मागवण्यात आले होते, प्रत्यक्षात मात्र संसदेने विशाल द्वैभाषिक राज्य उभे केले. त्याविरुद्ध बाबूलाल पराते यांनी दाद मागितली असता, संसदेने प्रस्तावात बदल केला तरी तो पुन्हा विधिमंडळाकडे पाठवण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दिला. सीमारेषेवरील गावांचे म्हणणे या प्रक्रियेत कोणत्याही टप्प्यावर स्वतंत्रपणे विचारले जात नाही, आणि म्हणूनच विभाजनाचा कोणताही प्रस्ताव राजधानीपेक्षा सीमेवरून तपासून पाहणे अभ्यासाच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे ठरते.

अशा तपासणीसाठी ठाणे जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचे कसारा हे ठिकाण योग्य आहे, कारण महाराष्ट्राच्या विभाजनाच्या सर्वांत विचारपूर्वक मांडलेल्या प्रस्तावातील एक सीमा तेथूनच गेली असती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये भाषावार प्रांतरचनेविषयी नेमलेल्या दार आयोगापुढे मुंबईसह एकसंध महाराष्ट्राची बाजू मांडली होती. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आल्यानंतर लिहिलेल्या भाषिक राज्यांवरील पुस्तकात मात्र त्यांनी मराठी भाषकांची चार राज्ये सुचवली. राज्य एकभाषी असावे, पण एका भाषेचे एकच राज्य असण्याचे कारण नाही, हे त्यामागील सूत्र होते. शिवाय उत्तरेकडील अवाढव्य राज्यांपुढे दक्षिणेकडील राज्ये दुर्बळ ठरतील, ही चिंताही होती, आणि त्यामुळेच त्यांनी उत्तर प्रदेशाची तीन, तर बिहार व मध्य प्रदेश यांची प्रत्येकी दोन राज्ये करण्याची सूचना केली. सुमारे दोन कोटी लोकसंख्येचा कारभार एका राज्याला नीट पाहता येतो, असे त्यांचे प्रमाण होते. मराठी मुलखापुरते पाहता, मुंबईचे नगरराज्य वेगळे ठेवून त्यांनी ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, पुणे, सातारा, कोल्हापूर हे जिल्हे पश्चिम महाराष्ट्रात, नाशिक, खानदेश, अहमदनगर आणि मराठवाडा हे मध्य महाराष्ट्रात, तर वऱ्हाड-नागपूरकडील आठ जिल्हे पूर्व महाराष्ट्रात घातले होते.

ठाणे आणि नाशिक हे जिल्हे अशा रीतीने दोन राज्यांत गेल्यामुळे शहापूर व इगतपुरी या तालुक्यांची हद्द ही राज्याची हद्द झाली असती आणि कसारा घाट हा दोन राज्यांमधील घाट ठरला असता. शेजारच्या मुरबाड तालुक्याचा माळशेज घाट आणि सातवाहनकाळापासून कल्याण-जुन्नर व्यापाराची वाट असलेला नाणेघाट मात्र ठाणे आणि पुणे या एकाच राज्यातील जिल्ह्यांना जोडत राहिले असते. सह्याद्रीची रांग एकच असताना एका घाटमाथ्यावर राज्य संपले असते आणि दुसऱ्यावर संपले नसते, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की विभाजनाच्या प्रस्तावात जिल्हे हे तयार घटक म्हणून उचलले जातात आणि जिल्ह्यांच्या सीमा ज्या महसुली सोयीने पूर्वी ठरल्या तीच सोय राज्याची सीमाही ठरवून टाकते.

कसाऱ्याचा व्यवहार पाहता येथे सीमा आखणे कठीण होते. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र असल्याने आजही घाट चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यात मागून जादा इंजिने, ज्यांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात, जोडून वर ढकलावे लागते. मध्य रेल्वेची उपनगरी लोकल येथे संपते आणि नाशिककडचे प्रवासी एसटीने किंवा सामाईक गाडीने घाट उतरून हीच लोकल पकडतात. नागपूर ते भिवंडीजवळील आमणे हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला, तेव्हा त्याचा इगतपुरीनजीकचा सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा याच डोंगराच्या पोटातून गेला. महादेव कोळी समाज तर घाटाच्या वर आणि खाली, इगतपुरी, अकोले, जुन्नर, शहापूर, मुरबाड अशा तालुक्यांत पसरलेला असून त्याची सोयरीक घाटाची हद्द मानत नाही. राज्यघटनेच्या ३४२व्या अनुच्छेदानुसार अनुसूचित जमातींची यादी प्रत्येक राज्यासाठी वेगळी असते आणि एका राज्यातील जमातीचा दर्जा स्थलांतरिताला दुसऱ्या राज्यात आपोआप मिळत नाही. बिहार आणि झारखंड यांच्या बाबतीत, विभाजनापूर्वीपासूनच्या रहिवाशाला दोहोंपैकी कोणत्याही एका राज्यात आरक्षणाचा लाभ घेता येईल, दोन्हींत एकाच वेळी नाही, हे ठरण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२१ पर्यंत निर्णय द्यावा लागला. म्हणजे हा प्रश्न राज्यनिर्मितीनंतर दोन दशके लोंबकळत राहिला.

यापेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न पाण्याचा आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत असून तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा ही पाच धरणे बाहेर आहेत. सातही तलावांच्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसा धरणात असतो आणि ते धरण शहापूर तालुक्यात आहे. तेथून सोडलेले पाणी नदीतून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत वाहते, उपसले जाते, पांजरापूर येथे शुद्ध होते आणि मग जलवाहिन्यांतून शहराकडे जाते. वैतरणेची स्थिती याहून बोलकी आहे. नदी उगम पावते नाशिक जिल्ह्यात, तेथेच ऊर्ध्व वैतरणा धरण आहे. पुढे ती जुन्या ठाणे जिल्ह्यात उतरते, जेथे मध्य वैतरणा आणि मोडकसागर आहेत. आणि तिचे पाणी प्यायले जाते मुंबईत. १९५५ चा प्रस्ताव अमलात आला असता तर एका लहानशा नदीवर मध्य महाराष्ट्र, पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई नगरराज्य असे तीन हक्कदार उभे राहिले असते आणि ती आंतरराज्य नदी ठरून तिचा वाद १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली, म्हणजे केंद्राने नेमलेल्या लवादापुढे, गेला असता. ही भीती काल्पनिक म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्याने २०१४ मध्ये कृष्णा आणि गोदावरी यांच्यासाठी दोन व्यवस्थापन मंडळे नेमूनही, दशक उलटल्यावर आंध्र आणि तेलंगणा यांच्यातील कृष्णेच्या पाण्याची वाटणी लवादापुढेच आहे.

येथपर्यंतच्या विवेचनावरून विभाजनाची मागणीच निराधार आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. विदर्भाच्या मागणीमागे दीर्घ इतिहास आहे. मध्य प्रांताच्या विधिमंडळाने १९३८ मध्येच वेगळ्या विदर्भाचा ठराव केला होता. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली. आणि १९५६ मध्ये नागपूरने राजधानीचा दर्जा गमावला. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात निधी, नोकऱ्या आणि शिक्षण यांत न्याय्य वाटा देण्याचे, तसेच नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन भरवण्याचे वचन होते, आणि राज्यघटनेच्या ३७१व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद आहे. ही मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये स्थापन झाली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये विविध क्षेत्रांतील अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीपर्यंत पोहोचण्यासाठी भरून काढावी लागणारी तूट, सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के होता.

शहापूर आणि मुरबाड या ‘उर्वरित’ महाराष्ट्रात मोडतात, आणि त्यांची खरी अडचण मोजणीच्या एककात दडलेली आहे. दांडेकर समितीने जिल्हा हे एकक धरले होते. ठाणे जिल्ह्याच्या सरासरीत मात्र ठाणे, कल्याण, भिवंडी, अंबरनाथ येथील कारखाने, रस्ते आणि रुग्णालये एका बाजूला येत असल्याने डोंगराळ तालुक्यांची तूट आकड्यांत दिसेनाशी होते. विदर्भाचे गाऱ्हाणे असे की चंद्रपूरचा कोळसा आणि वीज पश्चिमेकडे जाते. शहापूरचे गाऱ्हाणे असे की भातसाचे आणि तानशाचे पाणी मुंबईकडे जाते, आणि याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. या टंचाईवर उपाय म्हणून घाटमाथ्यावरील इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातून, पाणी खाली आणण्याची योजना हाती घ्यावी लागली. दोन्ही गाऱ्हाण्यांचे स्वरूप एकच असताना एकाचे उत्तर वेगळे राज्य असू शकते आणि दुसऱ्याचे नाही, कारण तालुक्याला राज्य होता येत नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर विभाजनाचा प्रयोग मात्र येथे होऊन गेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, म्हणजे आंबेडकरांनी एका राज्याला पुरेशी मानलेल्या संख्येच्या निम्म्याहून अधिक लोक एका जिल्हाधिकाऱ्याच्या कक्षेत होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. जव्हार-मोखाड्याला जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले, हा लाभ खरा आहे. शहापूर पूर्णपणे आणि मुरबाड अंशतः राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात असूनही हे दोन तालुके मात्र सहा महानगरपालिका असलेल्या उर्वरित ठाणे जिल्ह्यातच राहिले; या जिल्ह्यातील विधानसभेच्या १८ मतदारसंघांपैकी बहुतेक शहरी आहेत, आणि ज्या आदिवासी तालुक्यांशी त्यांचे हितसंबंध जुळत होते ते दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यामुळे ग्रामीण भागाचे बळ पूर्वीपेक्षा घटले. विभाजनाने एका भागाला केंद्र जवळ आणून दिले आणि दुसऱ्याला अधिक एकाकी केले.

लहान राज्यांचा अनुभवही याच दिशेने जातो. २००० च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही राज्ये झाली. उत्तराखंड पहाडी जनतेच्या आंदोलनातून निर्माण झाले, तरी कारभार सपाटीवरील डेहराडूनमध्ये एकवटला आणि डोंगरातील गैरसैंणला उन्हाळी राजधानीचा दर्जा मिळण्यास २०२० उजाडले. उत्तर प्रदेश विधानसभेने २०११ मध्ये पूर्वांचल, पश्चिम प्रदेश, बुंदेलखंड आणि अवध प्रदेश अशा चार राज्यांचा ठराव मंजूर केला. त्याआधी १९५५ मध्ये पणिक्कर यांनीही आयोगाच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडून त्या राज्याच्या विभाजनाची शिफारस केली होती, तरीही ते राज्य २००० मध्ये उत्तराखंड वेगळे झाल्याखेरीज अखंडच राहिले. आकाराचा प्रश्न खरा असला, तरी राज्य लहान झाल्याने त्याच्या आतील कडेचे तालुके आपोआप केंद्राजवळ येत नाहीत, एवढे या उदाहरणांवरून म्हणता येते.

तेव्हा महाराष्ट्राच्या विभाजनाचा कोणताही प्रस्ताव पुढे आला, तर त्याची योग्यता नव्या राजधानीच्या नावावरून ठरवू नये. सीमेवरील नद्यांच्या पाण्याची वाटणी आणि धरणांखालील तालुक्यांचा पहिला हक्क विधेयकातच लिहिलेला असावा, अनुशेषाची मोजणी तालुका धरून झालेली असावी आणि दोन्ही बाजूंच्या जमातींचे हक्क पहिल्या दिवसापासून अबाधित असावेत. ज्या प्रस्तावात या तीन गोष्टी नसतील तो नाकारण्यास पात्र आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी मात्र राज्य अखंड ठेवूनही आज करता येतात: तालुकावार मोजणी मंत्रालयातील एका निर्णयाने सुरू होऊ शकते आणि भातसाच्या पाण्यात शहापूरच्या पाड्यांचा वाटा ठरवण्यासाठी तिसऱ्या अनुच्छेदाची वा संसदेची गरज नाही.