मनगटावरचा दोरा

दोरा मी स्वतःच सोडला. पाळकसाहेबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री गाठ सुटता सुटेना, तेव्हा शिवणकामाच्या डब्यातली कात्री घेतली आणि कापलेला दोरा त्याच डब्यात, बटणांच्या खाली ठेवून दिला. फेकवला नाही. लहानपणी तापानं फणफणले होते तेव्हा आईनं तो माझ्या हातात बांधला होता. नंतर किती दोरे झिजले, किती नवे आले, पण बांधणारा हात तोच. त्या काळ्या दोऱ्यात भीती होती, तशी आईची माया पण होती.

दोरा गेला, पण हात कुठे ऐकतो? अकोल्याच्या उन्हाळ्यात रात्री लाइट जाते, पंखा घरघरत थांबतो, सगळ्या जठारपेठेत एकदम काळोख पसरतो. अशा वेळी माझा उजवा हात आपसूक डाव्या मनगटाकडे जायचा. तिथं काही नसायचं. मग छातीत धस्स व्हायचं आणि पाठोपाठ लाज वाटायची. प्रभूवर विश्वास ठेवला म्हणता, मग हे काय?

ही लाज मी बरीच वर्षं बाळगली. आमच्याकडे साक्षी सांगतात त्यात माणूस आधी अंधारात असतो, मग उजेडात येतो. मधल्या संधिप्रकाशाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. माझा मुक्काम मात्र तिथंच होता. भीती मनातून गेली तरी हातात उरते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते कळलं लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना.

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानं लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं ते भारले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. जलालपूरच्या ज्या घरात त्या वाढल्या, तिथं वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेला जिन्नसही धुऊन घेतल्याशिवाय चालत नसे. वर्षानुवर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, तरी त्यांची चूल वेगळी आणि पाणी वेगळं. पुढे एकदा मनाशी झगडून त्यांनी ठरवलं की जात माणसानं केली, देवानं नाही. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. म्हणजे पाण्याच्या भांड्याची भीती आधी सुटली आणि बाप्तिस्मा मागाहून झाला. माझं अगदी उलट झालं. पण त्यांचं पुस्तक वाचताना पहिल्यांदा वाटलं, या वाटेवर कोणी मागेपुढे असलं तरी चालतं.

जुनं सगळंच टाकायचं असतं असंही नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, पण शाकाहार त्यांनी सोडला नाही. आमच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात टिळकांची गाणी आहेत, त्यांना अभंगाचा, ओवीचा वास आहे. जी सवय माणसाला माणसापासून तोडते तिच्याशी भांडण; जी जोडते ती राहू द्यावी, असं मला वाटतं.

आणि येशूचा शिष्य पेत्र! येशूला धरलं त्या रात्री अंगणातल्या शेकोटीपाशी दासीच्या एका प्रश्नानं त्याची बोबडी वळली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला धीर देणारा पेत्र गलतीकरांस पत्रातला. पुनरुत्थान झालं, पन्नासावा दिवस झाला, हजारोंसमोर त्यानं निर्भयपणे भाषण केलं. आणि एवढं सगळं झाल्यावर अंत्युखियात, यरुशलेमहून काही माणसं आली म्हणून, तो परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून बाजूला झाला! लोक काय म्हणतील, एवढ्याच धास्तीनं. पंगत, विटाळ, लोकलाज हे कोणत्याही वऱ्हाडी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पौलानं त्याला सर्वांदेखत सुनावलं. पण म्हणून पेत्र प्रेषित राहिला नाही, असं झालं नाही. या जागी मी दर वेळी थांबते.

माझी पंगत म्हणजे आमची गल्ली. या अकोल्यात अलायन्स मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे, चर्च इथं नवलाचं नाही. तरीही रविवारी निघताना मी बायबल भाजीच्या पिशवीत घालायची, वर कोथिंबिरीसाठी आणलेली रिकामी थैली. कोणी मला त्रास दिला नव्हता. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी येतात, तेव्हा याच शेजाऱ्यांच्या मुलांसाठी मी लिंबाचं सरबत करून ठेवते. मग भीती कोणाची होती? नीट सांगता येत नाही. सवयीला कारण लागत नाही.

एका रविवारी पिशवी फाटली. दुसरी शोधायला वेळ नव्हता. बायबल हातात घेऊन जिना उतरले, तर खालच्या काकू ओट्यावर गहू निवडत बसलेल्या.

"कोठी चालल्या बाई?"

एका प्रश्नात माझ्या दोन्ही भीती उभ्या राहिल्या. निघताना कोणी 'कुठे' विचारलं की काम बिघडतं, हे लहानपणापासून मनावर गोंदलेलं. परत फिरायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. पाय खरंच मागं वळला होता. त्यात हातात ते काळ्या कव्हराचं पुस्तक.

"चर्चले," मी म्हटलं. आवाज चिरकला.

काकूंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "मंग माह्या नातवासाठी बी मांगजा काही. दहावीले हाये. गनितानं लय भेवाडलं त्याले."

त्या दिवशी उपासनेत मी त्या मुलासाठी प्रार्थना केली. स्वतःसाठी काही मागायचं सुचलंच नाही.

परवा रात्री पुन्हा लाइट गेली. हात मनगटाकडे गेला, जातोच. मी त्याला तिथं राहू दिलं. तेवढ्यात खालून हाक आली, "बाई, मेनबत्ती हाये काय? पोराचा उद्या पेपर हाये!"

फडताळात चाचपून दोन मेणबत्त्या घेतल्या, काडेपेटी घेतली, आणि उतरले. मुलगा वही उघडून बसलेला. एक मेणबत्ती त्याच्या पुढ्यात लावली. तो गणित सोडवू लागला, आणि लाइट येईपर्यंत काकू आणि मी दोन्ही बाजूंनी त्याला पदरानं वारा घालत बसलो, ज्योतीला लागू नये अशा बेतानं.