लॅन्सबरीबाईंची बढती

कोणाचेही चरित्र हाती आले, की मी आधी सनावळ्या काढून हिशेब मांडतो. कॉमर्सचे शिक्षण आणि बँकेतली वीस वर्षे; दुसरे काय होणार? गवई असो की नटी, माझा प्रश्न एकच: यांना बढती कितव्या वर्षी मिळाली?

बहुतेकांचा हिशेब मला खिन्न करतो. विशीत कीर्ती, तिशीत मोटार, चाळिशीत सत्कार! मला चाळिशीत मिळाली ती फक्त नाकावरची चाळिशी. पण अँजेला लॅन्सबरी या नटीची खतावणी पाहिली आणि जिवात जीव आला.

जन्म १९२५चा, लंडनचा. महायुद्धात बाई अमेरिकेला गेल्या आणि लॉस एंजेलिसच्या एका बड्या दुकानात आठवड्याला २८ डॉलरवर लागल्या. म्हणजे काउंटरच की! आमच्याच जातकुळीतल्या. मग एमजीएमने ५०० डॉलरवर सिनेमात घेतले आणि १९४४च्या ‘गॅसलाइट’ या पहिल्याच चित्रपटाला ऑस्करचे नामांकन! म्हटले, झाले, ह्याही त्यातल्याच. पण नाही. पुढे वीसेक वर्षे बहुतेक दुय्यम भूमिका. १९६२च्या ‘द मँचुरियन कँडिडेट’मध्ये त्या ज्याच्या आई झाल्या, तो लॉरेन्स हार्वे त्यांच्याहून अवघा तीन वर्षांनी लहान!

१९६४ साली बाई ब्रॉडवेच्या संगीत नाटकात उतरल्या. ‘एनीवन कॅन व्हिसल’ नऊ प्रयोगांत आटोपले. आपल्याकडे पडलेली नाटकेसुद्धा जरा सावकाश पडतात. पण १९६६ साली, चाळिशी उलटल्यावर, ‘मेम’ने त्यांना टोनी पारितोषिक मिळवून दिले. १९७४ साली त्याचा सिनेमा निघाला, तेव्हा भूमिका गेली ल्युसिल बॉलकडे. फाइल तयार करायची एकाने आणि खाली सही दुसऱ्याची, हा प्रकार मला अगदी घरचा वाटला. बाई नाटकात राहिल्या. ‘स्वीनी टॉड’मध्ये तर मैद्याच्या पारीत माणसांचे सारण भरून विकणारी बाई करून १९७९ साली आणखी एक टोनी घेतले.

आता खरी गंमत. आमच्याकडे साठाव्या वर्षी नारळ देतात. बाईंची ‘मर्डर, शी रोट’ ही दूरदर्शन मालिका १९८४ साली सुरू झाली, तेव्हा त्यांना एकोणसाठावे लागले होते! निवृत्त शिक्षिका, विधवा, रहस्यकथा लिहिते आणि खुनी पकडते. बारा वर्षे, २६४ भाग. बाराही वर्षे एमीसाठी नामांकन आणि बाराही वेळा हात हलवत परत. आमच्या बढतीच्या यादीत तीनदा नाव नाही म्हणून मी घरात आठ-आठ दिवस अबोला धरतो. बाई पुढच्या सोमवारी कामावर हजर. वर काम सुटलेल्या जुन्या नटनट्यांना बोलावून मालिकेत भूमिका देत. ही नोंद कुठल्याच पारितोषिकाच्या रकान्यात बसत नाही. मी ती दोनदा वाचली.

२००९ साली, ८३व्या वर्षी, अभिनयाचे पाचवे टोनी. २०२२ साली जीवनगौरव, आणि त्याच ऑक्टोबरात, ९७ पुरे व्हायला पाच दिवस असताना, खाते बंद.

हा ताळेबंद मी हिला मोठ्या उमेदीने ऐकवला. म्हटले, “बघ, थांबणाऱ्याला मिळते.”

भाजी निवडता निवडता ही म्हणाली, “थांबल्या कुठे हो त्या? दर वेळी काउंटर बदलला त्यांनी.”

माझ्यापुढे काउंटर दोनच आहेत: कॅश आणि पासबुक. सध्या मी पासबुकावर आहे. एकोणसाठाला अजून तेरा वर्षे आहेत.