भुशाचा हिशेब

नागपूरच्या धरमपेठेतला जुना बंगला पडतो तेव्हा भिंतींचा मलबा होतो, दारं-चौकटी मात्र जपून उतरवतात. जुन्या सागवानालाही भाव असतो. त्या दाराचं श्रेय आपण आलापल्लीच्या जंगलाला देतो, फार तर सुताराला. २०२३च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून साग निघाला, तेव्हा शोभायात्राही लाकडाचीच झाली. जंगल आणि सुतार यांच्यामध्ये आरामशीन असते आणि ती चालती ठेवणारा मिस्त्री असतो, हे आपण धरतच नाही. माझं म्हणणं असं, की लाकूड वाचवायचं तर सुरुवात या माणसापासून करायला हवी.

पट्ट्याचा आरा वर-खाली बसवलेल्या दोन चाकांवर फिरतो. पात्याचे दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. वाक कमी पडला तर पातं ओंडक्यात अडकतं, जास्त झाला तर चीर रुंद पडते. चाकांची रेष चुकली किंवा बेअरिंग झिजलं, की पातं डुलतं. समजा, चीर तीनऐवजी पाच मिलिमीटरची पडली, तर दहा चिरांत वीस मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून जाड फळी भुसा होऊन खाली सांडते. कुणी म्हणेल, भुसा वाया कुठे जातो? खरं आहे, भुशाच्या शेगडीवर कितीतरी घरं जेवली. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद फिरवून काढायची. मग एका भरणीवर तासन्‌तास आच. पण वरणभात शिजवायला काटक्याही चालतात. दोन पिढ्या वाढलेला साग त्यासाठी लागत नाही. मिस्त्र्याच्या घरालाही या कामाची किंमत मोजावी लागते. मशीन थांबते तेव्हाच त्याला ती उघडता येते. त्यामुळे गिरणीची सुटी हा नेमका त्याचा कामाचा वार, आणि बायकोपोरांच्या वाट्याला येतो तो उरलेला वेळ.

आरामशिनींनीच जंगलं खाल्ली, त्यांचं कौतुक कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी वनक्षेत्रात केंद्राच्या मंजुरीविना चालणाऱ्या आरागिरण्या थांबवल्या, ते आवश्यकच होतं. पण तोडीवर बंधन आलं, की हाती आलेला प्रत्येक ओंडका नेटका चिरणं अधिकच गरजेचं होतं. बंदीने झाड उभं राहतं; पडलेल्या झाडाचं चीज मिस्त्रीच करतो. आता फ्लश डोअर आणि अॅल्युमिनियमचा जमाना आहे, असंही म्हणता येईल. पण प्लायवूडचा पापुद्रा सोलणारं पातंही कुणीतरी लावावंच लागतं. शिवाय बंगल्यातून उतरवलेली ती चौकट नव्या मापासाठी पुन्हा आऱ्यावर चढते. तिच्या पोटात एखादा गंजका खिळा मोडून राहिलेला असतो. तो वेळीच हाती लागला नाही तर पात्याचे दात जातात. म्हणून चौकटीवरून आधी मिस्त्र्याचा हात फिरतो, मग आरा.