हिरवी फोक्सवॅगन

व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने यायचा. चाळीतली दहा-बारा घरं वर्गणी काढायची, दोन हिंदी कॅसेट सगळ्यांसाठी आणि तिसरी मामाच्या पदरची. ती इंग्रजी, म्हणून तिच्या वाट्याला पहाटेचे तीन. तोवर बायका-पोरं सतरंजीवरच आडवी झालेली असायची, पुरुष जांभया देत आपापल्या खोल्यांत गेलेले. मी मात्र जागी, कारण मामाने सांगून ठेवलेलं असायचं, "ठमे, जागी राहिलीस तर गंमत दाखवतो."

गंमत म्हणजे 'बुलिट'. १९६८ चा सिनेमा, पीटर येट्सचा. त्याची गोष्ट मला आजही धड सांगता येणार नाही, मामालाही येत नव्हती. तो कॅसेट पळवत थेट पाठलागावर न्यायचा. सॅन फ्रान्सिस्कोचे उतार, पुढे काळी डॉज चार्जर, मागे गडद हिरवी मस्टँग आणि तिच्यात स्टीव्ह मॅक्वीन. अकरा मिनिटांना थोडीच कमी. पाठलाग खरा पेटतो त्या क्षणी संगीत बंद पडतं आणि पुढे फक्त इंजिनं बोलतात. शेजारी उठू नयेत म्हणून आवाज अगदी बारीक ठेवून मामा टीव्हीला कान लावून बसायचा. म्हणजे पाठलाग तो पाहायचा कमी, ऐकायचाच जास्त.

ते त्याच्या धंद्यात बसणारंच होतं. कुर्ल्याला त्याचं गॅरेज होतं, गॅरेज कसलं, पत्र्याखाली दोन गाड्या मावतील एवढी जागा. आयुष्य गेलं ते फियाट आणि पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, डॉक्टरसारखी. मग डोळे मिटून, "तिसरा ढिला आहे." मस्टँगचं इंजिन ६.४ लिटरचं हे त्याला कुठून कळलं होतं कोण जाणे. "जवळजवळ सहा पद्मिनी एका बोनेटखाली," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, जणू त्यानेच बसवल्यात.

हिंदी सिनेमावर मात्र त्याचा राग. तिथे श्रीमंताच्या पोर्चमध्ये इम्पाला उभी, आणि पद्मिनीच्या वाट्याला मीटर पाडून त्या इम्पालाच्या मागे जाणं. "सिनेमात गाडी दरीत पडते, पेटते, पण आजारी कधी पडत नाही," तो म्हणायचा. अपवाद एकच, १९५८ चा 'चलती का नाम गाडी'. तिथे निदान तीन भावांचं गॅरेज आहे, आणि पावसातल्या रात्री मधुबालाची गाडी बंद पडून दारात येते. असं गिऱ्हाईक आपल्याकडे का येत नाही, हा प्रश्न त्याने मला आठ-नऊ वर्षांच्या वयात विचारला होता. मला काय उत्तर देता येणार!

रिवाइंडचं बटण हातात आल्यावर मामाने त्या पाठलागाचं इंजिनच उघडलं. सरळ रस्त्यावर मॅक्वीन वरचा गिअर टाकतोच आहे, टाकतोच आहे. "अरे, आहेत चारच!" चार्जरच्या व्हीलकॅप निखळून रस्त्यावर घरंगळत जातात. एक, दोन, तीन, चार, आणि मग पाचवी. मामा हसून हसून लोळायचा, मग तोंडावर हात दाबायचा. आणि ती हिरवी फोक्सवॅगन. उताराच्या कडेने आपली शहाण्यासारखी चाललेली, दोन्ही गाड्या तिला मागे टाकून सुसाट निघून जातात. वळण घेऊन पुढे येतात तर तीच पुन्हा समोर. चार वेळा तरी. "बिचाऱ्याला घरी जायचंय गं," मामा म्हणायचा, "पोचतच नाही."

एकाच उताराचे वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले तुकडे एकापाठोपाठ जोडले होते, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. त्या जोडकामाबद्दल फ्रँक केलरला संकलनाचं ऑस्करही मिळालं. आणखीही वाचलं. आतला आरसा खाली असून त्यात चेहरा दिसला तर मॅक्वीन स्वतः चालवतोय, आरसा वर वळवलेला असेल तर बड एकिन्स. एका वळणावर मॅक्वीनचा अंदाज चुकतो, गाडी पुढे जाते, तो चाकांचा धूर काढत रिव्हर्स घेतो. ती चूक तशीच सिनेमात ठेवली. हे सगळं मामाला सांगायचं तर एव्हाना कागदावर लिहून द्यावं लागायचं. ठोकाठोकीच्या त्या पत्र्याखाली बसून त्याचे कान हळूहळू गेले होते. आधी स्क्रू-ड्रायव्हर डाव्या कानाला गेला. मग तो गाड्या हाताने बघू लागला, तळवा बोनेटवर ठेवून. मग स्कॅनर लावायच्या गाड्या आल्या आणि तळव्याचंही काम संपलं.

जानेवारी २०२० मध्ये ती मस्टँग फ्लोरिडातल्या लिलावात ३४ लाख डॉलरांना गेली. मॅक्वीनने १९७७ मध्ये पत्र लिहून ती मागितली होती, मालकाने दिली नव्हती. चित्रीकरणासाठी केलेली जोडकामं अंगावर तशीच ठेवून मालकाची बायको ती रोज चालवत होती, १९८० मध्ये क्लच जाईपर्यंत. मग नुसती उभी. मी हे लिहून दिलं. मामाने चष्मा लावून वाचलं, आकड्यावरून बोट पुढे सरकवलं आणि क्लचपाशी थांबवलं.

"क्लच गेला म्हणून उभी ठेवली? मला बोलवायचं."

त्या पावसाळ्यात तो गेला. पोचवायला चौघंच होतो.

गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांना व्हीलकॅप टांगलेल्या होत्या, रस्त्यात सापडलेल्या. कुणाची हरवली की मामा जुळती काढून द्यायचा, पैसे न घेता. भंगारवाल्याने त्या वजनावर घेतल्या. मी एक ठेवून घेतली. कुठल्या गाडीची आहे ते मला ओळखता येत नाही, आणि विचारायला कुणी नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली, वीस वर्षांची मुदत भरली. वर्तमानपत्रांनी छान फोटो छापले, तिच्यासोबत सेल्फी काढायला माणसं गेली. मीही जाणार होते. गेले नाही.

त्या रात्री लॅपटॉपवर 'बुलिट' लावला. आता शेजारी उठायची भीती नाही, तरी आवाज बारीकच ठेवला. चार्जरची पहिली व्हीलकॅप निखळली. फोक्सवॅगन आली, मागे पडली. पुन्हा आली, पुन्हा मागे पडली. तिसऱ्यांदा मी स्पेसबार दाबला. पडद्याच्या कडेला ती अर्धी दिसते आहे. तिला अजून एकदा यायचं आहे.