वहिनींची पाठ

आमच्या परभणीकडे पाठ दुखणे हा आजार समजला जात नाही. तो एक ऋतू समजला जातो. कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे ओटी बांधून दिवसभर वाकणाऱ्या बायांची पाठ दुखू लागते, ज्वारीच्या काढणीत सर्वांचीच दुखते, आणि माझ्यासारख्या शाळामास्तराची तर खुर्चीवर बसूनही बारा महिने दुखते. ज्याची पाठ दुखत नाही त्याने कधी काही काम केले आहे की नाही, अशी शंका यावी! अशा मुलखात एखादी बाई ‘माझी पाठ दुखते’ म्हणाली, तर ते कोणाच्या कानावर पडूनही मनापर्यंत पोहोचत नाही. मीही ते ऐकले नाही. आणि त्या न ऐकण्याची हकीकतच मला येथे सांगावयाची आहे.

२०१८ च्या दिवाळीत मी सेलू तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. थोरल्या चुलतभावाच्या ओसरीवर वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही शिकलेले. ह्या पाठीला काही औषध सांगा ना. रात्री पडलं की जास्तच दुखतं.” मी हसलो. “वहिनी, पाठ कुणाची दुखत नाही? माझीही दुखतेच की!” असे म्हणून खिशातल्या दोन गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. आपण मोठा परोपकार केला, असेही त्या वेळी मला वाटले असावे.

आज त्यांच्या त्या लहानशा वाक्यातील प्रत्येक शब्द मला आठवतो. श्रमाने दुखणारी पाठ बहुधा विसाव्याने शांत होते. अंथरुणावर पडल्यावरही जी पाठ जागी राहते, तिचे दुखणे निराळे असू शकते. हे ज्ञान मला नव्हते, ही गोष्ट क्षम्य मानता येईल. परंतु पुढचा एक प्रश्न विचारण्याचेही मला सुचले नाही, ही गोष्ट मी अद्याप स्वतःला क्षमा करू शकलेलो नाही.

त्यानंतरचे चार महिने ठरलेल्या वाटेने गेले. उसण भरली म्हणून कोणी पाठ चोळून दिली. कोणी बिब्बा घातला. एका डॉक्टरांनी सुया टोचल्या. दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी दुखणे पुन्हा हजर! सायंकाळी अंगात कणकण येई, ती उन्हाची म्हणून सोडून दिली. हातातील बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, ते उपासांमुळे असे ठरले. प्रत्येक लक्षणाला घरात एकेक निरुपद्रवी कारण तयार होते. अखेर एके संध्याकाळी वहिनी शेतातून परत आल्या, तो त्यांच्या एकाच पायात चप्पल! दुसरी वाटेत कोठे गळून पडली, हे त्यांना कळलेच नव्हते. भाऊ प्रथम हसला, आणि मग हसता हसता थांबला.

दुसऱ्या दिवशी त्या परभणीस माझ्याकडे आल्या. ज्या वृद्ध डॉक्टरांकडे मी त्यांना नेले, त्यांनी पाठीविषयी प्रथम काही विचारलेच नाही. ताप केव्हा येतो, भूक कशी आहे, वजन किती उतरले, घरात कोणाला जुना खोकला होता काय, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी शांतपणे विचारले. चपलेची गोष्ट त्यांनी दोनदा सांगावयास लावली. मग मानेपासून खाली एकेका मणक्यावर ते हलकेच मूठ आपटीत गेले. एका जागी वहिनी दचकल्या. डॉक्टरांनी माझे बोट धरून तेथे ठेवले. कातडीखाली एक बारीकसा उंचवटा लागत होता. इतके दिवस तो तेथे होता, आणि आम्ही त्याच्यावरूनच तेल चोळीत होतो!

क्ष-किरणांच्या चित्रात दोन शेजारच्या मणक्यांमधील फट बुजलेली दिसली. नांदेडला एमआरआय काढला, सुईने तेथील कण काढून तपासले, आणि निदान पक्के झाले: कण्याचा क्षय.

क्षय म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे खोकणारा माणूस उभा राहतो. परंतु हे जंतू छातीतून रक्तावाटे हाडांतही जातात, आणि हाडांपैकी कणा हे त्यांचे विशेष आवडते ठिकाण. तेथे मणक्याचा पुढचा भाग ते पोखरतात. मग वरचा मणका पुढे कलतो आणि पाठीवर उंचवटा येतो. आत साचलेला पू मज्जारज्जूवर दाब देऊ लागला की पाय दुबळे होतात. वाकलेला कणा आणि लुळे पाय यांचा संबंध लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली वर्णिला. आजही हा रोग त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यामागचा जंतू मात्र रॉबर्ट कॉख यांनी १८८२ त दाखवीपर्यंत कोणास ठाऊक नव्हता, आणि त्याला मारणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती येण्यास १९४३ साल उजाडले.

वहिनींचे पाय पूर्ण गेले नव्हते, म्हणून शस्त्रक्रियेवाचून निभावले. दोन महिने चार औषधे आणि पुढे दहा महिने तीन. सारी सरकारी दवाखान्यातून फुकट, आणि वर आहारासाठी दरमहा ५०० रुपये. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा घरात रडारड झाली. तो एका औषधाचा रंग आहे, हे समजावून सांगावे लागले. परंतु त्याहून कठीण समजूत दुसरीच होती. गावी गेलो तो वहिनींचे ताट, वाटी, तांब्या वेगळे मांडलेले! नातवाला त्यांच्याजवळ जाऊ देत नव्हते. छातीत रोग नसेल तर कण्यातला क्षय श्वासातून दुसऱ्यास लागत नाही, आणि त्यांची छाती तपासून स्वच्छ ठरली होती. हे मी परोपरीने सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या. ताट वेगळेच राहिले. शेवटी मी वहिनींच्या ताटात त्यांच्यासोबत जेवलो. माझे व्याख्यान जे करू शकले नाही, ते त्या अर्ध्या भाकरीने केले.

त्या दिवसांत मला लहानपणची एक म्हातारी वारंवार आठवे. आमच्या गल्लीत राहणाऱ्या तिला सारा गाव ‘कुबडी’ म्हणे, आणि आम्ही पोरे तिची चाल करून दाखवीत असू. ती पोरपणी चिंचेवरून पडली, असे कोणी सांगे. कोणी तिच्या गतजन्मीचे पाप काढी. आता वाटते, तिच्याही पाठीत हेच भुंगे शिरले असतील काय? तिच्या तरुणपणी निजामाच्या राज्यातच काय, जगात कोठेही याला औषध नव्हते. मथुरेच्या कुब्जेला श्रीकृष्णाने पाय दाबून, हनुवटी उचलून क्षणात सरळ केले. आमच्या म्हातारीला कोणी भेटले नाही. वहिनींना मात्र वेळेला, किंवा वेळ टळता टळता, कोणी भेटले.

२०२० च्या होळीपूर्वी वहिनींनी शेवटची गोळी घेतली. पायांत बळ आले, ताप गेला, अंग भरले. उंचवटा तेवढा राहिला. औषध रोगाला थांबवते. खचलेले हाड पूर्ववत उभारण्याची विद्या त्याला नाही. चार महिने आधी ओळखला असता तर तो कदाचित आलाच नसता. वहिनींनी तसे कधी बोलून दाखविले नाही. पदर घेताना त्यांचा हात त्या जागी जातो, तेव्हा मी दुसरीकडे पाहतो.

परवाच गावी गेलो होतो. ओसरीवर बसताना मी सवयीने “आई गं!” म्हणून पाठीला हात लावला. वहिनी चहा घेऊन येत होत्या. त्या तेथेच थांबल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, “भाऊजी, दिवसा दुखतं का रात्री?”